पाववर थांबलेला काटा

बॅटरीची तार मी आधी सोडवली आणि तिचं टोक कुठं टेकू नये म्हणून चिंधीत गुंडाळलं. चारूताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"किल्ली माझ्या हातात आहे मिस्त्री, गाडी बंद आहे. तरी तार काढायची?"

"पेट्रोलच्या टाकीला हात लावायचा तर काढायचीच."

"टाकीत थेंब नाही. चोवीस वर्षांत सगळं उडून गेलं असेल."

"पेट्रोल नसलं तरी वाफ असते. ती जास्त वाईट."

त्यांनी मान डोलावली. दातांच्या डॉक्टर होत्या त्या. राजारामपुरीत दवाखाना होता. काम समजून घ्यायची आवड होती, आणि समजलं की पुन्हा विचारायच्या नाहीत. त्या रविवारी दुपारी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात आम्ही दोघंच होतो. सन दोन हजार तीन, फेब्रुवारी महिना.

गाडी पंचावन्न सालची हिलमन होती, फिकट हिरवी. त्यांचे वडील, गुळाचे व्यापारी माधवराव इंगवले, आदल्या वर्षी वारले होते. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमधून ताईंनी ती बाहेर काढली, इंजिन एकाकडून करून घेतलं, रंग दुसऱ्याकडून. इंजिनवाल्यानं टाकीला हातच लावला नव्हता. बॉनेटपाशी बाटली टांगून तिच्यातल्या पेट्रोलवर गाडी चालवून दाखवली होती. वायरिंग माझ्याकडे आलं. जुन्या गाड्यांच्या वायरिंगला कोल्हापुरात तेव्हा माझंच नाव घेत. दिवे, भोंगा, वायपर सगळं झालं. राहिला होता फक्त पेट्रोलचा काटा.

ती गाडी मी ओळखत होतो. तशी गाडी त्या काळी शहरात दुसरी नव्हती.

काटा चालतो तो टाकीतल्या एका लहानशा भागावर. आम्ही त्याला टँक युनिट म्हणतो. वर गोल चकती, खाली एक लांब तार आणि तारेच्या टोकाला पितळेचा पोकळ फ्लोट. पेट्रोलबरोबर फ्लोट खालीवर होतो, तसा समोरचा काटा हलतो. एवढंच यंत्र आहे. ताईंनी इंग्लंडमधून नवं मागवलं होतं. तीन महिन्यांनी आलं. खोक्यातून काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा मला म्हणाल्या, "हे माझ्यासमोर बसवायचं. मला बघायचंय."

डिकीतला रबरी गालिचा उचलला. खाली पत्र्याचं झाकण होतं, ते काढल्यावर टाकीवरची चकती दिसली. सहा स्क्रू, सगळे गंजलेले. मी रात्रीच त्यांच्यावर तेल सोडून ठेवलं होतं. पाच सुटले. सहाव्याची खाच गेली, तेव्हा छिन्नी तिरकी लावून पितळी हातोडीनं हळूहळू ठोकत फिरवावा लागला.

"लोखंडी हातोडी का नाही?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "ठिणगी."

"हो."

ठोकता ठोकता त्या बोलत होत्या. डिकीच्या कडेला हात टेकवून, रुग्णाशी बोलावं तशा सावकाश.

"ही गाडी का बंद ठेवली होती, माहीत आहे तुम्हाला?"

मी स्क्रू बघत होतो. "थोडं ऐकलंय."

"माझी आई हिच्यात गेली. मी सहा वर्षांची होते. आई गगनबावड्याकडच्या मळ्यावर होती, मी इथं मावशीजवळ, शाळेसाठी. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. ड्रायव्हर होता तिथं, धोंडीराम. तो तिला घेऊन निघाला आणि साळवणच्या पुढं गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं. एप्रिलची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दीड तासानं दुधाची एक गाडी आली. दवाखान्यात आणेपर्यंत ती गेलेली होती. पोटात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचली असती."

सहावा स्क्रू फिरला. मी तो वाटीत टाकला.

"धोंडीमामा म्हणत होते, निघताना काटा पाववर होता. पाव टाकीत कोल्हापूर आरामात होतं. बाबा म्हणाले, खोटं बोलतो, पेट्रोल काढून विकलं यानं. बाबांच्या माणसांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. मारलं. मी खिडकीतून बघत होते. मला खांद्यावर बसवून अंगणात फिरवायचे ते. पण मला वाटलं, बरं झालं."

चकती आता सुटी होती. खालचं बुचाचं गॅस्केट चिकटलं होतं, ते पातळ पात्यानं उकललं. चकती उचलली तर दोन बोटं वर आली आणि अडली. तार आत कशाला तरी धरून बसली होती. मी ती डावीकडं पिळली, थोडी पुढं ढकलली, आणि मग ती सुटून वर आली. टाकीतून शिळ्या वार्निशसारखा वास आला.

"कशात अडकलं होतं?"

"जुनं आहे. चिकट धरतं."

त्यांनी पर्समधून दवाखान्यातला लांब दांड्याचा आरसा काढला. तोंडात घालून दात बघतात तो. "हा मुद्दाम आणलाय. टाकी आतून गंजली असली तर कळेल." एका हातात टॉर्च, एका हातात आरसा धरून त्या भोकातून आत बघू लागल्या. मी जुनं युनिट घेऊन उजेडात गेलो.

तारेला फ्लोटपासून चार बोटांवर एक बाक होता. पक्कडीनं दिलेला. पक्कडीच्या दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. फ्लोटच्या जोडावर कल्हईचा एक जाड थेंब होता, एका अंगाला ओघळलेला. बाकाच्या खालच्या बाजूला तार घासून चपटी झाली होती.

"मिस्त्री, आत एक आडवा पत्रा आहे."

"पेट्रोल हिंदकळू नये म्हणून असतो."

"त्याच्या कडेवर खाच पडलीये. काहीतरी टेकून बसल्यासारखी."

"असेल," मी म्हणालो. "गंज नाही ना?"

"नाही. स्वच्छ आहे."

मी जुनं युनिट कामाच्या टेबलावर चिंध्यांच्या ढिगाखाली ठेवलं आणि नवं घेतलं. ते बाहेरच काट्याच्या वायरला जोडलं, बॅटरी लावली, ताईंना पुढं बसवलं. मी फ्लोट वर केला, त्या ओरडल्या, "फुल!" खाली सोडला, "रिकामी!" तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. बरेच मिस्त्री तिथंच थांबतात. मी पुन्हा बॅटरीची तार सोडवली, युनिट टाकीत उतरवलं आणि चकतीच्या भोकातून बोट घालून फ्लोट तळाला टेकतो का ते पाहिलं. टेकला. नवं गॅस्केट, सहा नवे स्क्रू, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळलेले. मग कॅनमधून पाच लिटर ओतलं, बॅटरी जोडली आणि ताईंना किल्ली फिरवायला सांगितली. काटा शून्यावरून उठला आणि पावच्या बराच अलीकडे उभा राहिला.

ताई गाडीतून उतरल्या त्या हसत. हात पुसून त्यांनी मला विचारलं, "जुनं कुठं ठेवलंत? ते मी नेणार. सगळे जुने पार्ट एका पेटीत ठेवलेत मी."

"ते गंजलंय."

"असू दे. बाबा नेहमी सांगायचे, आई गेल्यावर त्यांनी काटा मुद्दाम तपासून घेतला होता. अगदी बरोबर निघाला. म्हणून तर धोंडीमामा खोटं बोलतात हे ठरलं. मला बघायचंय ते यंत्र."

माझ्याकडे दुसरी जुनी युनिटं होती. मागच्या फळीवर तशी चार-पाच पडलेली होती. त्यातलं एक दिलं असतं तर त्यांना कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो मी काही क्षण धरून ठेवला, हेही खरं.

मग मी चिंध्या बाजूला केल्या, ते युनिट घेतलं आणि डिकीपाशी जाऊन त्यांना बोलावलं.

"ताई, हे हातात धरा. हा बाक बघा. मूळ तार सरळ असते, नव्याची होती तशी. ही दुसऱ्या गाडीची आहे. लांब पडत होती म्हणून वाकवलीये. वाकवल्यामुळं ती खाली येताना त्या आडव्या पत्र्यावर टेकते. तुम्ही बघितलेली खाच तीच. टेकली की त्याच्या खाली फ्लोट जात नाही."

त्यांनी तार बोटानं खाली केली, पुन्हा वर केली. डॉक्टर होत्या. फार सांगावं लागलं नाही.

"कुठं टेकते? म्हणजे, काटा कुठं असताना?"

"पाववर."

गॅरेजबाहेरून एक टेंपो गेला. ताईंनी तारेच्या बाकावर बोट टेकवलं.

"म्हणजे टाकी भरलेली असली की काटा बरोबर. निम्मी असली तरी बरोबर. आणि पावच्या खाली..."

"पावच. टाकी कोरडी झाली तरी पाव."

"मग ज्यानं तपासलं त्याला हे कसं दिसलं नाही?"

"तपासलं तेव्हा गाडीत सहा-सात लिटर पेट्रोल होतं. गाडी परत आणण्यासाठी घातलेलं. म्हणजे पावच्या जवळपास. किल्ली फिरवली, काटा पाववर आला. तपासणाऱ्यानं सांगितलं, बरोबर आहे."

"टाकी उघडली नाही?"

"नाही."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"तार मी वाकवली होती," मी म्हणालो. "घटनेच्या दीड महिना आधी. मी तेवीस वर्षांचा होतो, उस्तादांच्या हाताखाली. मूळ पार्ट मिळत नव्हता. मी हे जमवलं, बाहेर धरून काटा खालीवर करून पाहिला आणि बसवून टाकलं. आणि नंतर माधवरावांनी तपासायला बोलावलं तेही मलाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. युनिटकडेच बघत होत्या.

"धोंडीराम फाटकाबाहेरच उभा होता," मी पुढं सांगितलं. थांबलो असतो तर उरलेलं राहून गेलं असतं. "ओठ फुटलेला होता त्याचा. आदल्या आठवड्यात तुमचे सख्खे मामा गाडी घेऊन गेले होते, म्हणून किती पळाली याचा अंदाज त्याला नव्हता, सगळा भरवसा काट्यावर. तो मला म्हणाला, बशीर, एकदा टाकी रिकामी करून बघ. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, गरज नाही."

"तुम्हाला शंका आली होती?"

"आली होती. तो बोलला तेव्हाच आली होती."

ताई स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं, "धोंडीमामा जिवंत आहेत?"

"आहेत. गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे लागतं, त्याच्या अलीकडे गाव आहे. मी दोनदा गावापर्यंत जाऊन परत आलोय."

त्या उठल्या. "चला," म्हणाल्या. "आत्ता."

हिलमन तिथंच ठेवली. त्यांच्या रोजच्या गाडीनं गेलो. तासाभराची वाट होती. युनिट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं.

धोंडीराम भोपळे अंगणात बसून वाखाचा दोर वळत होता. पंचाहत्तरीचा असेल. आधी त्यानं मलाच ओळखलं. "बशीर न्हवं तू? क्यास गेलं, पर चालनं त्येच." मग ताईंकडे बघत राहिला. ताईंनी नाव सांगितलं तसा दोर खाली ठेवून उठायला लागला. त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसल्या. मी उभाच राहिलो.

मी सगळं सांगितलं. गॅरेजात सांगितलं तसंच, काही कमी न करता. त्यानं युनिट हातात घेतलं. डोळ्यांना कमी दिसत असावं, तारेवरून अंगठा फिरवत गेला आणि बाकापाशी थांबला.

"पाववर व्हता," तो म्हणाला.

"होता."

"मी बघितला व्हता काटा. निघताना येकदा आन् असळजच्या वळनावर येकदा." अंगठा बाकावरून हलत नव्हता. "पयली दोन-चार वर्सं मला खात्री व्हती. मंग म्हटलं, समदी मानसं म्हंत्यात, मिस्त्री सोता म्हंतोय, तर आपलंच डोळं चुकलं आसंल. घाईत व्हतो. बगितलाच नसंल काटा. मंग तसंच वाटाय लागलं. मला वाटायचं, बाईसाब माज्या हातनं गेल्या."

"तुझ्या हातून नाही," मी म्हणालो.

"ते आता तू सांगतोयास."

मी माफी मागितली. ती त्यानं घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाला, "मला सांगून काय हुतंय? मला ठावं हाय, आन् आता तुलाबी. गावाला ठावं न्हाई. माजं थोरलं पोरगं 'पेट्रोल चोराचं पोरगं' म्हनून मुंबईला गेलं, त्ये आलंच न्हाई. डेरीवर जा. साडेपाचला समदी दूध घालाया येत्यात. तितं सांग."

सव्वापाच वाजले होते. मी एकटाच गेलो.

पत्र्याच्या खोलीसमोर तीस-चाळीस माणसं कॅन घेऊन रांगेत होती. सेक्रेटरीला मी म्हणालो, दोन मिनिटं बोलायचंय. त्याला वाटलं मी काहीतरी विकायला आलोय. मी पायरीवर चढून माझं नाव सांगितलं, गॅरेजचा पत्ता सांगितला आणि झालं ते सांगितलं. आवाज पहिल्यांदा लागला नाही, मागच्यांनी मोठ्यानं बोला म्हटलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे धोंडीबानं चोरलं न्हवतं?"

"नाही."

"मग इतकी वर्षं गप का बसलास?" रांगेतल्या एका माणसानं विचारलं.

"भ्यालो होतो."

"आन् आता न्हाई भ्यालास?"

"आताही भ्यालोय."

कुणी अंगावर आलं नाही. मला वाटलं होतं येतील. सेक्रेटरीनं पुढच्याचं दूध मापायला घेतलं. रांग सरकली. मी उतरून चालू लागलो तेव्हा मागं एकदम बोलणं सुरू झालं, सगळे एकाच वेळी.

परत आलो तर धोंडीराम आणि ताई तिथंच बसले होते. धाकट्या सुनेनं चहा ठेवला होता, दोघांनीही घेतलेला नव्हता. मी अंगणाच्या कडेला थांबलो. ताई विचारत होत्या, "आई शुद्धीवर होती, मामा? त्या दीड तासात?"

"व्हय की. बराच येळ व्हती. मी दार उगडून सावलीला धरलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. मंग रस्त्यावर पळायचो, परत यायचो."

"काही बोलली?"

धोंडीरामनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ताईंकडे वळला.

"म्हनाल्या, धोंडीराम, मी ऱ्हायले न्हाई तर ताईला निरोप दे. म्हंजे तुमच्या मावशीला. म्हनावं, चारूच्या येन्या घट घालू नगंस. तिचं डोस्कं दुकतं, पर ती सांगत न्हाई."

धोंडीरामनं खाली ठेवलेला दोर हातात घेतला.

"द्याया आलो व्हतो मी निरोप. दुसऱ्याच दिवशी. फाटकातनं आत सोडलं न्हाई. मंग काय झालं ते तुमी बगितलंच. चिट्टी लिवाया येत न्हवती, आन् दुसऱ्याच्या तोंडी धाडावा तसला निरोप न्हवता त्यो." त्यानं अंगावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "मंग, मावशी कशी घालायची?"

"घट्ट," ताई म्हणाल्या. "फार घट्ट. रोज सकाळी. दहावीपर्यंत." त्यांनी मानेवरून हात फिरवला. केस अगदी आखूड कापलेले होते. "कॉलेजात गेले त्या दिवशी मी सगळे कापून टाकले, मामा."

हे सांगताना त्या हसायला लागल्या होत्या. हसता हसताच त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी धोंडीरामच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यानं आधी हात वरच धरला, मग हलकेच त्यांच्या केसांवर ठेवला.

मी अंगणाबाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिलो. अंधार पडेपर्यंत मला कुणी हाक मारली नाही, आणि मीही आत गेलो नाही.